पूर्ण झालेलं आश्वासन

मंत्री सभागृहात उभे राहून नुसतं ‘बघू’ म्हणाले, तर ते आश्वासन नाही. ‘माहिती घेऊन सन्माननीय सदस्यांना कळवू’ म्हणाले, तर ते आश्वासन आहे. ‘सरकारला या प्रश्नाची जाणीव आहे’ हे आश्वासन नाही. ‘सरकार यावर सहानुभूतीने विचार करेल’ हे मात्र आहे. हा फरक ओळखण्याचा मला पगार मिळत असे, आणि निवृत्त होईपर्यंत मी तो इमानेइतबारे घेतला.

चंदीगड ही दोन राज्यांची राजधानी. त्यातल्या एका राज्याच्या विधानसभेच्या सचिवालयात मी नोकरी केली. कुठल्या, ते सांगत नाही. वर्ध्याची मुलगी इथे कशी आली, हे मात्र सांगते. माझे यजमान, सुधीर, सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत तांत्रिक अधिकारी होते. लग्न करून आले तेव्हा वाटलं होतं, तीन-चार वर्षांत बदली होईल आणि आपण पुण्या-नागपूरकडे सरकू. बदली कधी झालीच नाही. माझं हिंदीचं एम.ए. घरात पडून होतं. जाहिरात पाहून परीक्षा दिली, लागले, आणि फिरत फिरत आश्वासन शाखेत येऊन स्थिरावले. पंजाबी लोकांना ‘सबनीस’ म्हणता यायला काही वर्षं लागली, पण एकदा जमल्यावर ‘सबनीस जी’ सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आमचा निखिल मराठी सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. शाळेत असताना त्याने एकदा विचारलं, ‘‘मम्मा, आप दिनभर नेताओं के वादे गिनती हो?’’

‘‘मोजत नाही रे. टिपते आणि पाठपुरावा करते.’’

‘‘और पूरे नहीं किए तो?’’

‘‘स्मरणपत्र पाठवते.’’

‘‘फिर भी नहीं किए तो?’’

‘‘आणखी एक स्मरणपत्र.’’

तो इतका हसला की मी रागावून त्याचं ताट उचलून नेलं. त्या वयात आईच्या नोकरीला हसणारा मुलगा सहन होत नाही.

काम असं असे. अधिवेशन संपलं की सभागृहातलं प्रत्येक वाक्य छापून आमच्या शाखेत यायचं. आम्ही चार जण पेन्सिल घेऊन ते वाचायचो. मंत्र्याच्या तोंडून काही कबूल झालेलं दिसलं की ते वाक्य उचलायचं, त्याला क्रमांक द्यायचा आणि त्या त्या खात्याला पाठवायचं. खात्याने ठरलेल्या मुदतीत कळवायचं की बोलल्याप्रमाणे केलं. मग आमदारांची एक समिती बसे. तिच्यात सत्तेतले आणि विरोधातले दोघंही असत. ही समिती ठरवी, आश्वासन पूर्ण झालं की अपूर्ण आहे. मंत्री बदलत, सरकारं बदलत, पण क्रमांक पडलेलं आश्वासन तसंच राही. याचा मला अभिमान होता. एका मंत्र्याचे स्वीय सहायक एकदा सफरचंदांची पेटी घेऊन आले होते. ‘‘साहब ने ऐसा बोला ही नहीं, लिखनेवाले से गलती हुई,’’ असं त्यांचं म्हणणं. मी ध्वनिमुद्रण ऐकवलं आणि पेटी परत पाठवली. आमच्या शाखेतल्या बाकीच्यांनी पेटीपायी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता.

पण अभिमानाच्या जोडीला एक उदासीही या कामात मुरलेली होती. एका आडबाजूच्या भागातून मुलींच्या कॉलेजपर्यंत बस सुरू करू, असं मंत्री बोलून गेले होते. मी त्या बसचा पिच्छा पुरवला. बस सुरू झाली तेव्हा समितीचा पाहणी दौरा निघाला, मीही गेले. बस आली, नवी कोरी, आणि पूर्ण रिकामी. ज्या मुलींसाठी मागितली होती त्यांची लग्नं झाली होती. पाठच्या मुलींनी कॉलेजचा विचार केव्हाच सोडून दिला होता. समितीचे अध्यक्ष बसमध्ये बसले, त्यांनी फोटो काढून घेतला, मग आम्हाला भजी आणि चहा मिळाला. आश्वासन पूर्ण, म्हणून मीच लिहिलं.

आता बलबीर मिस्त्रीबद्दल सांगते. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे.

सुधीर निवृत्त झाल्यावर आम्ही सरकारी क्वार्टर सोडून शहराच्या कडेला मनीमाजऱ्यात फ्लॅट घेतला. तिथल्या बाजारात, एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी बलबीरचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान. घर त्याचं हद्दीपलीकडे, आमच्या राज्यातल्या गावात. रोज सकाळी येऊन शटर उघडायचा. माझी स्कूटी त्याच्याकडेच जायची. माणूस तिरसट. ‘‘मैडम जी, आप ब्रेक दबाते नहीं, ब्रेक पे बैठ जाते हो,’’ असं चारचौघांत सुनवायचा. पण एका वेळी नीट करून दिलेली गाडी पुन्हा त्याच दुखण्याने कधी आली नाही.

त्याची एकुलती मुलगी किरण. बी.एससी. नर्सिंग झाली होती, एका खाजगी कॉलेजातून. पहिल्या वर्षापासून बलबीर गिऱ्हाइकांना तिचे गुण सांगायचा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सांगायचा. एका शनिवारी मी गाडी घेऊन गेले तर तो दुकानात नुसता बसलेला. शेजारी स्टुलावर किरण, हातात प्लॅस्टिकची फाइल.

‘‘सेक्टर बत्तीस वाले सरकारी हॉस्पिटल में नाम आ गया जी इसका,’’ तो म्हणाला.

‘‘अरे वा, अभिनंदन. मग तोंड असं का?’’

उत्तर किरणने दिलं. स्टाफ नर्सच्या निवड यादीत तिचं नाव होतं, पण कागदपत्रं तपासून घ्यायची होती. मूळ गुणपत्रिका आणि पदवी दाखवल्याशिवाय नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय हॉस्पिटल हजर करून घेत नाही. आणि तिची सगळी मूळ कागदपत्रं कॉलेजने अडवून ठेवली होती.

बाहेरच्यांसाठी हे जरा सोपं करून सांगते. गरीब घरातल्या मुलांची फी सरकार भरतं, अशी योजना आहे. मूल फी न देता प्रवेश घेतं, सरकार मागाहून कॉलेजला पैसे देतं. पण हे ‘मागाहून’ लांबत जातं. एक वर्ष, मग पुढचं वर्ष. कॉलेजलाही मास्तरांचे पगार द्यायचे असतात. सरकारवर त्यांचं काही चालत नाही, म्हणून ते मुलांचे कागद धरून ठेवतात. सरकारने पैसे दिले की घेऊन जा, किंवा घरून भरा आणि आत्ता घेऊन जा. भांडण सरकारचं आणि कॉलेजचं, ओलीस राहतं मूल. आमच्या छापील कार्यवाहीत ही तक्रार मी इतक्यांदा वाचली होती की पेन्सिल न थांबता पुढे जायची. त्या दिवशी पहिल्यांदा ती तक्रार स्टुलावर बसलेली पाहिली.

‘‘मैडम जी, आप तो असेंबली में हो,’’ बलबीर म्हणाला. ‘‘बोल दो ना किसी को.’’

मी त्याला सांगितलं की आम्ही सचिवालयातली माणसं कुणाला बोलत नाही, फक्त लिहितो. बोलण्यासाठी आमदार असतात. त्याच्या भागाच्या आमदार पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या, प्रश्न विचारण्यात तरबेज. ‘‘त्यांच्याकडे जा, तारांकित प्रश्न टाकायला सांगा,’’ एवढंच मी म्हणाले. हा सल्ला कुणीही कुणाला देऊ शकतो.

तो गेला. आमदारबाईंनी प्रश्न टाकला आणि तो चर्चेलाही आला. मंत्री सुरुवातीला ‘जाणीव आहे’, ‘बघू’ वगैरे बोलले. बाईंनी उपप्रश्न विचारून विचारून त्यांना कोपऱ्यात नेलं. शेवटी मंत्री म्हणाले, सरकार असा कायदा आणेल की सरकारकडून पैसे यायचे आहेत म्हणून कुठलंही कॉलेज कुठल्याही विद्यार्थ्याचे कागद अडवू शकणार नाही. बाकं वाजली. ते पान माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी ते वाक्य दोनदा वाचलं. खोट काढायला जागा नव्हती. मी स्वतः त्याला क्रमांक दिला.

त्यानंतर मी त्या क्रमांकाच्या मागे लागले. आमच्याकडे पाठपुराव्याची एक ठरलेली चाल असते: आधी पत्र, मग स्मरणपत्र, मग अर्धशासकीय पत्र, मग समितीपुढे सचिवांची साक्ष. मी प्रत्येक पायरी वेळेआधी चढले. शाखेत चेष्टा व्हायला लागली की सबनीस जींच्या घरात लग्न आहे का. खात्याचे सचिव समितीपुढे आले. आमचे अध्यक्ष म्हणजे जुने, बोलण्यात मिश्कील, आतून पक्के राजकारणी. ते सचिवांना म्हणाले, ‘‘मंत्रीजी की ज़बान का सवाल है. बिल कब ला रहे हो?’’ सचिव म्हणाले, ‘‘इसी सत्र में.’’

आणि विधेयक खरोखरच आलं. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, इतर विधेयकांच्या रांगेत उभं राहून आलं. ‘जो पक्ष में हैं वे हाँ कहें’ असं विचारलं गेलं, ‘हाँ’ झालं, आणि ते मंजूर झालं. चर्चा झाली नाही, कारण कुणाचाच विरोध नव्हता. मी गॅलरीच्या दाराशी उभी होते.

मग टेबलावर येऊन मी विधेयकाची प्रत वाचली. आमच्यासारखे लोक कायदा मधून वाचत नाहीत. पहिल्या कलमात नाव असतं, कुठे लागू ते असतं आणि केव्हापासून लागू ते असतं. तिथे लिहिलं होतं, राज्य सरकार राजपत्रातल्या अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून हा कायदा अमलात येईल.

हे वाक्य बऱ्याच कायद्यांत असतं, त्यात वावगं काही नाही. नियम करायचे असतात, अधिकारी नेमायचे असतात. पण तारीख ठरवणं सरकारच्या हातात राहतं आणि त्याला मुदत नसते. या कायद्याच्या बाबतीत तर उघडच होतं. कॉलेजांना मुलांचे कागद धरता आले नाहीत, तर ती पैशांसाठी सरळ सरकारचा गळा धरतील. म्हणजे हा कायदा सुरू व्हायचा तर आधी सरकारला मागची सगळी देणी भागवावी लागणार. फाइल वित्त विभागात जाणार आणि तिथे झोपणार. मला हे त्याच क्षणी दिसलं.

राज्यपालांची सही होऊन कायदा राजपत्रात आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बलबीर सचिवालयाच्या गेटवर हजर. आत येण्याचा पास नव्हता, म्हणून मी खाली गेले. धुतलेला कुर्ता, बोटांच्या पेरांत तरीही काळं ग्रीस, हातात बर्फीचा डबा.

‘‘पहले आप,’’ म्हणून त्याने तुकडा माझ्या तोंडापुढे धरला. गेटवरचा शिपाई बघत होता. मी खाल्ला. मग बाजूला नेऊन त्याला सांगितलं की कायदा झाला आहे, पण सुरू झालेला नाही.

‘‘पास हो गया ना जी?’’

‘‘हो गया.’’

‘‘तो फिर रोकेगा कौन?’’

‘‘रोकेगा कोई नहीं. बस, तारीख नहीं डालेंगे.’’

त्याने थोडा विचार केला. ‘‘मतलब गाड़ी ले ली, रजिस्ट्रेशन नहीं हुआ.’’

‘‘बिलकुल.’’

‘‘वो तो हो जाता है जी,’’ तो म्हणाला आणि डबा उघडून शिपायाकडे वळला.

तिकडे किरणचे दिवस संपत आले होते. हॉस्पिटलने कागद दाखवायला बऱ्याच महिन्यांची मुदतवाढ दिली होती, आणि ती एकदाच मिळणार होती. बलबीरचा मेहुणा ट्रकवाला. त्याने सरकारच्या वाट्याचे पैसे उसने द्यायची तयारी केली होती, आणूनही दिले होते. कायदा मंजूर झाल्याचं ऐकून बलबीरने ते त्याला परत पाठवले.

हे मला किरणकडून कळलं. ती एकटी घरी आली होती. सुधीरनी तिला चहा करून दिला. ती म्हणाली, ‘‘आंटी जी, पापा नहीं मान रहे. आप बोलो, आपकी सुनेंगे.’’

मी त्याच संध्याकाळी दुकानात गेले. भिंतीवर नवी चौकट टांगली होती. मंत्र्यांनी कायद्याच्या स्वागताचा कार्यक्रम घेतला होता, त्यात काही विद्यार्थ्यांना कायद्याची छापील प्रत दिली होती. आमदारबाईंनी किरणचं नाव सुचवलं होतं. फोटोत मंत्री हसत होते, किरण कॅमेऱ्याकडे न बघता हातातल्या कागदांकडे बघत होती, आणि कडेला बलबीर, पगडी नीट बांधलेला, छाती काढून.

मी आडवळण न घेता बोलले. म्हणाले, ‘‘बलबीर जी, मेहुण्याकडून पैसे परत घ्या, कॉलेजला भरा, कागद सोडवा. कायद्याची वाट बघू नका. तारीख कधी पडेल हे कुणालाच माहीत नाही. नोकरी गेली तर पुन्हा येणार नाही.’’ हे सगळं मी हिंदीतच म्हणाले, पण रागात माझ्या हिंदीत वर्धा शिरतं.

तो गाडीखालून उठला. हात पुसत राहिला.

‘‘मैडम जी, एक बात बताओ. मैंने पैसे देके कागज़ लिए, तो ये कानून बना किसके लिए?’’

‘‘पुढच्या मुलांसाठी होईल ना.’’

‘‘अगलों के बाप भी दे देंगे फिर. सब चुपचाप दे देंगे. फिर तारीख क्यों डालेगा कोई?’’

खरं तर माझ्या सबंध नोकरीत आश्वासन म्हणजे काय हे इतकं नीट कुणी बोललं नव्हतं. पण मला किरणची नोकरी दिसत होती, म्हणून मी हेका सोडला नाही. म्हटलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे, तरीही भरा.

त्याचा चेहरा बदलला. ‘‘आप भी कॉलेज वालों की तरह बोल रहे हो.’’

‘‘पापा, आंटी जी ठीक कह रहे हैं,’’ किरण म्हणाली.

‘‘तू चुप कर. तेरे हाथ में कानून दिया है मंत्री ने. भीख नहीं दी.’’

माझी स्कूटी त्याने त्या दिवशी दुरुस्त करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. संबंध संपवताना हिशेब मिटवतात तसं मला ते वाटलं.

शाखेत त्याच सुमारास खात्याचा पूर्तता अहवाल आला. कायदा मंजूर झाला आहे, सबब आश्वासन पूर्ण झालं असं समजून निकाली काढावं. सोबत राजपत्राची प्रत. मी फाइलवर टिप्पणी लिहिली: कायदा अमलात आलेला नाही, तारखेची अधिसूचना निघेपर्यंत आश्वासन प्रलंबित ठेवावं. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात लांब टिप्पणी असेल. समितीच्या बैठकीत ती वाचली गेली. खात्याचे सचिव म्हणाले की तारीख हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे, समितीचा नाही. काही सदस्य माझ्या बाजूने बोलले. अध्यक्षांनी चष्मा काढला.

‘‘सबनीस जी, मंत्रीजी ने क्या कहा था? कानून लाएँगे. लाए कि नहीं लाए?’’

‘‘लाए सर. पर बच्चों के कागज़ अब भी...’’

‘‘लाए ना. बस.’’ मग मवाळ आवाजात, खास माझ्यासाठी म्हणाले, ‘‘अगली बार कोई पूछेगा तो तारीख भी पूछ लेगा.’’

आश्वासन पूर्ण, असं ठरलं. निर्णय समितीचा, पण तो क्रमांकापुढे लिहिण्याचं काम शाखेचं. मी लिहिला. एकदा पूर्ण ठरलेलं आश्वासन समिती पुन्हा उघडत नाही, त्यामुळे त्या कायद्याबद्दल खात्याला जाब विचारण्याचा जो एक दरवाजा होता तो बंद झाला. कायदाच झाला नसता तर मी निदान स्मरणपत्रं तरी पाठवत राहिले असते.

मी वित्त विभागातल्या ओळखीच्या उपसचिवांना फोन केला. इतक्या वर्षांत कधी कुणाला वैयक्तिक कामासाठी फोन केला नव्हता. ते म्हणाले, ‘‘फाइल ऊपर है, मैडम.’’ ऊपर म्हणजे कुठे, हे आमच्याकडे विचारायची पद्धत नाही.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात बलबीर कायद्याची प्रत घेऊन कॉलेजात गेला. तिथल्या माणसाने प्रत शांतपणे वाचली, पहिल्या कलमावर बोट ठेवलं आणि सांगितलं, ‘‘लागू होने दो, फिर आना.’’ तो तिथून थेट मेहुण्याकडे गेला. मेहुण्याने त्या पैशांत ट्रकचं इंजिन उघडून दुरुस्त करून घेतलं होतं. बलबीरने आणखी दोन-तीन ठिकाणी हात पसरले, पण वेळ राहिला नव्हता. किरण ठरलेल्या दिवशी झेरॉक्स घेऊन हॉस्पिटलात गेली. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी तिला बसवून पाणी दिलं आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

यातलं काही बलबीरने मला सांगितलं नाही. गल्लीतल्या चहावाल्याने सांगितलं. मी दुकानासमोरून जायचे तेव्हा तो मान खाली घालून काम करत असे. एकदा धीर करून थांबले, तर म्हणाला, ‘‘आपने तो बोला था जी,’’ आणि पुन्हा पाना फिरवायला लागला. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल, पुष्पगुच्छ, सामोसे. सचिव भाषणात म्हणाले की सबनीस जींच्या काळात शाखेतली प्रलंबित आश्वासनं कधी नव्हती इतकी कमी झाली. टाळ्या वाजल्या. मीही हात जोडून हसले.

गेल्या हिवाळ्यात सुधीर बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. निखिल बंगळुरूला, तो चार दिवस येऊन गेला. मला एकटीला उचलणं-वळवणं जमेना, म्हणून एका एजन्सीकडून दिवसाची बाई मागवली. सकाळी पडदा सारून निळा अंगरखा घातलेली मुलगी आत आली आणि मला बघून थबकली. किरण होती.

‘‘नमस्ते आंटी जी,’’ म्हणाली आणि हात धुवायला गेली.

तिला कामाचं सांगावं लागलं नाही. सुधीरना कुशीवर वळवताना पायांमध्ये उशी कशी ठेवायची, टाचा कशा मोकळ्या ठेवायच्या, सगळं ती न बोलता करत होती. दुपारी ते झोपले तेव्हा मी विचारलं. कागद अजून कॉलेजातच होते. सरकारचे पैसे थोडे आले म्हणे, तिच्या वर्षाचे आले नाहीत. एजन्सीला पदवी लागत नाही, बारावी चालते. बलबीर बरे आहेत, गुडघे दुखतात.

‘‘आणि तो कायदा?’’ मी विचारलं. खरं तर हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी अजूनही राजपत्र बघते. तारीख पडलेली नाही.

‘‘है तो सही, आंटी जी,’’ ती म्हणाली. ‘‘पापा के पास रखा है.’’

तिच्या वर्गातली एक मुलगी त्याच वॉर्डात स्टाफ नर्स होती. औषधांची ट्रॉली घेऊन यायची, सुधीरचा रक्तदाब बघायची. दोघी एकमेकींशी हसून बोलायच्या. ट्रॉली पुढे गेली की किरण चादर सारखी करायला लागायची. मी खिडकीतून बाहेर बघायचे.

घरी सोडायच्या दिवशी किरणने सुधीरना पहिल्यांदा वॉकरवर उभं केलं. तिचा एक हात त्यांच्या पाठीशी, एक कोपराखाली. चार पावलं टाकून ते खुर्चीत बसले, घामाघूम. यांना कुणाचं ऋण ठेवायची सवय नाही. मोठ्याने, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘थँक यू, सिस्टर.’’

किरणने झटकन नर्सच्या काउंटरकडे बघितलं. मग वाकून, त्यांच्या कमरेचा आधाराचा पट्टा सैल करता करता हळूच म्हणाली, ‘‘अंकल जी, सिस्टर मत बोलो. किसी ने सुन लिया तो समझेंगे मैंने खुद को नर्स बताया है. निकाल देंगे.’’

सुधीर गोंधळले. ‘‘तो क्या बोलूँ, बेटा?’’

‘‘कुछ भी बोल दो जी,’’ ती म्हणाली. ‘‘यहाँ तो सब ‘सुनो’ बोलते हैं.’’